काहाल यांचा अर्धाच वाचला गेलेला निकाल

घरातील कर्त्या माणसाला अर्धांगवायूचा झटका येतो. पहिल्या आठवड्याची धावपळ ओसरते, जीव वाचल्याचे समाधान होते आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उरतो. हात पुन्हा चालेल का? वाचा परत येईल का? विसाव्या शतकाचा बहुतेक काळ या प्रश्नाला मिळणारे उत्तर जवळजवळ ठरलेले होते. मेंदूतील गेलेली पेशी परत येत नाही, तुटलेला तंतू पुन्हा जुळत नाही. तेव्हा जे उरले आहे त्यावर निभावून न्यावे. या उत्तरामागे सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाचे वजन होते. मेंदूची सूक्ष्म रचना ज्याने जगाला प्रथम नीट दाखविली, त्याच माणसाने हा निकाल दिलेला असल्यामुळे त्यावर अपील करण्याचे धाडस फार थोड्यांनी केले. वस्तुतः काहाल यांनी निकालाबरोबरच अपिलाची वाटही लिहून ठेवली होती. ती मात्र फारशी कोणी वाचली नाही.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील पेतीया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात झाला. चोहोबाजूंनी आरागोन प्रांत आणि गाव मात्र सरकारदप्तरी नवारा प्रांताचे, अशी त्या गावाची स्थिती आजही आहे; सीमाभागातील वाचकांना यात फारसे नवल वाटू नये. वडील हुस्तो रामोन हे गरिबीतून स्वतःच्या हिमतीवर वर आलेले गृहस्थ. शस्त्रकर्म करणाऱ्या न्हाव्याच्या हाताखाली उमेदवारी करीत ते शिकले आणि पुढे संसाराचा भार वाहत त्यांनी वैद्यकाची पूर्ण पदवी मिळविली. अशा माणसाला मुलाने डॉक्टरच व्हावे असे वाटणे स्वाभाविक होते. मुलाला मात्र चित्रकार व्हायचे होते. हाती लागेल त्या कागदावर, दिसेल त्या भिंतीवर तो चित्रे काढी. शेवटी वडिलांनी या प्रकरणाचा सोक्षमोक्ष लावायचे ठरविले. कुटुंब तेव्हा आयेर्बे या गावी राहत होते आणि तेथील चर्चच्या भिंती रंगविण्यासाठी बाहेरगावचा एक रंगारी आला होता. मुलाने काढलेले एका संताचे चित्र त्याच्यापुढे ठेवण्यात आले. मुलात कलेचा अंशही नाही, असा निर्वाळा त्याने दिला आणि घरातली रंगांची चैन बंद झाली. त्याच हाताने पुढे काढलेली चेतापेशींची चित्रे शंभर वर्षांहून अधिक काळ उलटल्यावरही वैद्यकाच्या पुस्तकांत छापली जात आहेत.

शाळेशी त्यांचे कधी जमले नाही. हाका येथील पाद्र्यांच्या शाळेत लॅटिनची घोकंपट्टी आणि छडी यांखेरीज त्यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. अकराव्या वर्षी त्यांनी लाकडी ओंडका पोखरून तोफ तयार केली आणि शेजाऱ्याच्या बागेचे दार उडविले. त्यापायी गावच्या कोठडीत काही दिवस काढावे लागले, आणि वडिलांनी सोडवायला जाण्याऐवजी त्या शिक्षेला संमतीच दिली. पुढे मुलाला वळण लागावे म्हणून त्याला कधी न्हाव्याच्या दुकानात तर कधी मोच्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. तेथेही त्याचे हात चांगले चालत, असे दिसते. बारीक कामाची सवय लागलेले हात नंतर फार उपयोगी पडले.

वळण लावले ते स्मशानाने. १८६८ च्या उन्हाळ्यात वडील मुलाला रात्री गावच्या दफनभूमीत घेऊन गेले. जुन्या थडग्यांतून उघड्यावर पडलेली हाडे दोघांनी गोळा करून घरी आणली आणि त्यांवरून वडिलांनी शरीररचनाशास्त्र शिकवायला सुरुवात केली. पुस्तकातील शब्दांना दाद न देणारा हा मुलगा हाताने चाचपता येणाऱ्या आणि चितारता येणाऱ्या विषयात मात्र रमून गेला. वडिलांनी हिरावून घेतलेली चित्रकला वडिलांच्याच विषयात शिरली. बापलेकाच्या भांडणाचा याहून चांगला समेट क्वचितच कुठे झाला असेल.

१८७३ साली सारागोसा येथून वैद्यकाची पदवी मिळताच काहाल यांना लष्करात जावे लागले आणि पुढील वर्षी त्यांची रवानगी क्यूबात झाली. तेथे स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याचा लढा पेटला होता. दलदलीच्या प्रदेशातील लष्करी दवाखान्यात गोळीपेक्षा ताप अधिक माणसे मारीत होता. मलेरिया आणि आमांश यांनी पोखरलेले शरीर घेऊन ते १८७५ मध्ये मायदेशी परतले. १८७७ साली डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी ते माद्रिदला गेले असता तेथील प्रयोगशाळेत त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालील ऊतींची दुनिया पाहिली आणि परत येताच हप्त्यांवर एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. पाठोपाठ क्षयाने गाठले. त्यातून सावरल्यावर १८७९ मध्ये त्यांनी सिल्वेरिया फानानास यांच्याशी लग्न केले. पगार तुटपुंजा, प्रकृती नाजूक, आणि घरातील बराचसा पैसा रसायने, काचपट्ट्या व परदेशी मासिके यांवर जाणारा. सिल्वेरिया यांनी तो संसार कसा चालविला हे काहाल यांनी आत्मचरित्रात कृतज्ञतेने नोंदविले आहे. तरीही त्या बाईंची बाजू त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळाली असती तर बरे झाले असते, असे वाटून जाते.

१८८३ मध्ये ते वालेन्सियाला प्राध्यापक झाले. १८८५ साली तेथे कॉलऱ्याची साथ आली. सारागोसाच्या प्रांतिक शासनासाठी त्यांनी त्या रोगाचा अभ्यास केला. मोबदला म्हणून त्यांना मिळाला झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक. युरोपातील चांगल्या प्रयोगशाळांत असतो तसा तो होता आणि काहाल यांच्याजवळ तोवर तसे काहीही नव्हते. जंतुशास्त्र हा त्या काळचा मोठा, कीर्ती देणारा विषय. हाती असे यंत्र असताना त्या वाटेने जाणे सोपे होते. त्यांनी ऊतिशास्त्राची वाट धरली, आणि त्याचे एक कारण असे की या विषयाला खर्च कमी लागतो.

नशिबाची खरी गाठ पडली १८८७ मध्ये, माद्रिदला. लुइस सिमारो नावाच्या मेंदूतज्ज्ञाने पॅरिसहून येताना काही काचपट्ट्या आणल्या होत्या, त्या त्याने काहाल यांना दाखविल्या. इटलीतील कामिलो गोल्जी यांनी १८७३ साली शोधलेल्या पद्धतीने त्या रंगविलेल्या होत्या. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये व नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला की त्यातील अगदी मोजक्या पेशी काळ्या पडतात, त्याही शेवटच्या टोकापर्यंत, आणि बाकीच्या पारदर्शकच राहतात. या पद्धतीचे मर्म या मोजकेपणात आहे. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर घनदाट अरण्यात एक झाड शोधावे तशी गत झाली असती. गोल्जी यांची पद्धत चौदा वर्षे उपलब्ध होती. परंतु ती लहरी होती, कधी साधे आणि कधी नाही, म्हणून बहुतेकांनी ती सोडून दिली होती. काहाल यांनी ती पकडली. तुकडे दोनदा रसायनात बुडवून त्यांनी रंग गडद केला आणि प्रौढ मेंदूऐवजी पक्ष्यांची व सस्तन प्राण्यांची पिले आणि गर्भ यांच्या मेंदूंवर काम सुरू केले. गर्भातील अरण्य अजून दाट झालेले नसते; तेथे प्रत्येक रोपटे वेगळे दिसते.

दिसले ते असे. चेतासंस्था म्हणजे सलग विणलेले एक जाळे असून त्यातील सर्व तंतू एकमेकांत मिसळलेले आहेत, अशी तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. गोल्जी यांचेही तेच मत होते. काहाल यांना मात्र तंतूंची मोकळी टोके दिसली. पक्ष्याच्या लहान मेंदूत एका पेशीचे धागे दुसऱ्या पेशीला टोपलीसारखे वेढून बसत, अगदी लगटून असत, परंतु तिच्यात मिसळत नसत. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र होती. १८८८ साली ते बार्सिलोनात प्राध्यापक होते. स्वतःच्या खर्चाने त्यांनी एक त्रैमासिक काढले आणि मे महिन्यात निघालेल्या पहिल्या अंकात हे निरीक्षण प्रसिद्ध केले. अंकाच्या प्रती साठ, आणि त्यांतील बहुतेक युरोपभरच्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठविलेल्या. उत्तरे जवळजवळ आलीच नाहीत. स्पॅनिश भाषेत विज्ञान वाचण्याची तेव्हा कोणाला सवय नव्हती.

मग त्यांनी स्वतःच जायचे ठरविले. ऑक्टोबर १८८९ मध्ये साठवलेले पैसे खर्च करून ते काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बर्लिनला जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या अधिवेशनाला गेले. जर्मन त्यांना बोलता येत नव्हते आणि फ्रेंच मोडकेतोडके होते. कोपऱ्यातील टेबलावर यंत्रे मांडून ते उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला भिंगातून पाहण्याची विनंती करू लागले. वुर्झबुर्गचे आल्बर्ट फॉन कोलिकर हे या विषयातले त्या काळचे सर्वांत वजनदार नाव. ते पाहायला आले आणि थांबले. त्यांनी काहाल यांना आपल्या गाडीतून हॉटेलवर नेले, जेवायला बोलावले, इतरांशी ओळख करून दिली. तोवर कोलिकर यांचा कल जाळ्याच्या कल्पनेकडे होता. तो त्यांनी बदलला, आणि वयाच्या सत्तरीनंतर काहाल यांचे लेखन मुळातून वाचता यावे म्हणून ते स्पॅनिश शिकले. १८९१ मध्ये बर्लिनच्या वाल्डेयर यांनी या स्वतंत्र पेशीला न्यूरॉन हे नाव दिले.

पेशी स्वतंत्र आहेत, याला एवढे महत्त्व का, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडू शकतो. त्याचे उत्तर अर्धांगवायूच्या रुग्णाच्या खाटेशी येऊन पोहोचते. मेंदू सलग जाळे असता, तर त्याची वीण जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी मानावी लागली असती. पेशी वेगळ्या असतील आणि त्यांचा एकमेकींना केवळ स्पर्श होत असेल, तर तो स्पर्श वाढू शकतो, कमी होऊ शकतो, नवीन जागी होऊ शकतो. हा विचार काहाल यांच्या लक्षात ताबडतोब आला. मार्च १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना मानाच्या क्रूनियन व्याख्यानासाठी बोलाविले. त्यांचा मुक्काम तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांच्या घरी होता. हा पाहुणा सकाळी अंथरूण खिडकीबाहेर वाळत टाकून जाई आणि खोलीला बाहेरून कुलूप लावी. आत त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली होती, असे शेरिंग्टन पुढे सांगत असत.

त्या व्याख्यानात काहाल यांनी मेंदूच्या बाह्यकाची तुलना बागेशी केली. त्रिकोणी आकाराच्या पेशी म्हणजे त्यातील झाडे. चांगली मशागत झाली तर या झाडांच्या फांद्या वाढतात, मुळे दूरवर जातात आणि फुले-फळे येतात, असा त्यांच्या मांडणीचा आशय. पियानो वाजवणाऱ्याचे कौशल्य नवीन पेशी निर्माण होऊन येत नाही, कारण पेशींची संख्या वाढत नाही. सरावाने असलेल्या पेशींचे जोड बळकट होतात आणि नवे जोड तयार होतात, हे त्यांनी याच सुमारास मांडले. वय वाढेल तशी ही क्षमता मंदावते, असेही त्यांनी जोडून सांगितले. आज ज्याला मेंदूची लवचीकता किंवा घडणक्षमता म्हणतात, ती कल्पना एवढ्या स्पष्ट रूपात १८९४ सालीच सांगून झाली होती, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. पुढे जे घडले ते त्यामुळेच अधिक चमत्कारिक वाटते.

१८९२ पासून ते माद्रिद विद्यापीठात होते. चेतासंस्थेच्या रचनेवरील त्यांचा मुख्य ग्रंथ १८९९ ते १९०४ या काळात भागाभागांनी बाहेर पडला. १९०६ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना गोल्जी यांच्यासमवेत विभागून मिळाले. बातमीची तार पहाटे आली तेव्हा विद्यार्थ्यांनी थट्टा केली असावी असे समजून ते पुन्हा झोपी गेले. स्टॉकहोममध्ये दोघांची प्रथमच भेट झाली. गोल्जी यांचे भाषण आधी होते आणि त्यांनी ते काहाल यांच्या सिद्धान्ताचे खंडन करण्यात खर्च केले. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी शांतपणे आपले पुरावे मांडले. एकाच पदकाचे दोन मानकरी, एकाच रसायनाने रंगविलेल्या काचपट्ट्या आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध, असा तो प्रसंग होता.

बहुतेक चरित्रे येथे थांबतात, कारण नोबेलनंतरचा काळ बक्षिसांचा आणि समारंभांचा असतो असे मानले जाते. काहाल यांच्या बाबतीत आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम याच सुमारास चालू होते. प्रश्न असा होता: चेतातंतू कापला गेला तर पुढे काय होते? हातापायांतील तंतूंच्या बाबतीत ते पुन्हा वाढतात हे शस्त्रवैद्यांना माहीत होते. पण कसे? जर्मनीतील आल्ब्रेख्त बेथे यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे असे, की तुटलेल्या टोकापलीकडील तुकडा आपणहून नवा तंतू घडवितो. तसे असेल तर पेशी स्वतंत्र असल्याचा सिद्धान्तच डळमळीत होणार होता. १९०३ मध्ये स्वतः विकसित केलेली चांदीच्या क्षारांची नवी पद्धत वापरून काहाल यांनी हा प्रश्न तडीला नेला. नवा तंतू नेहमी पेशीच्या बाजूच्या बुंध्यातूनच फुटतो, त्याच्या टोकाला एक फुगीर अंकुर असतो आणि तो अंकुर वाट शोधत पलीकडच्या जुन्या नळीत शिरतो, हे त्यांनी दाखविले. हा वाढता अंकुर गर्भाच्या मज्जारज्जूत त्यांनी १८९० मध्येच पाहिलेला होता.

मग त्यांनी मेंदू आणि मज्जारज्जू यांत तेच प्रयोग केले, आणि येथे चित्र पालटले. कापल्यानंतर काही दिवस तेथेही अंकुर फुटले. तंतू थोडे पुढे सरकले. मग जणू वाट संपल्यासारखे थांबले, आक्रसले आणि नष्ट झाले. पुन्हा पुन्हा तेच. या निरीक्षणातील खरी मेख तंतू थांबण्यात फारशी नसून अंकुर फुटण्यात आहे, असे आज मागे वळून पाहताना वाटते. पेशीची इच्छा मेलेली नव्हती. जमीन तिला साथ देत नव्हती. काहाल यांनाही हीच शंका होती. त्यांचे शिष्य होर्हे फ्रान्सिस्को तेयो यांनी १९११ मध्ये एक धाडसी प्रयोग केला. त्यांनी प्राण्याच्या पायातील चेतेचा तुकडा काढून त्याच्या मेंदूत बसविला. मेंदूतील जे तंतू एरवी वाढायला तयार नसत, ते त्या तुकड्याकडे वळले आणि त्याच्या आत शिरले. जमीन बदलताच झाड वाढले.

हे सारे काम काहाल यांनी १९१३ व १९१४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. खर्च अर्जेंटिनात स्थायिक झालेल्या स्पॅनिश डॉक्टरांनी उचलला. पुस्तकाच्या अखेरीकडे तो प्रसिद्ध निकाल आहे. प्रौढ मेंदूतील मार्ग ठरून गेलेले असतात आणि तेथील हानी भरून येत नाही, हे त्याचे सार. त्याला लागूनच पुढे काहाल यांनी असेही म्हटले आहे, की शक्य झाल्यास हा कठोर नियम बदलणे हे उद्याच्या विज्ञानाचे काम होय. आणि पुस्तकातच तेयो यांच्या प्रयोगाचा तपशील आहे, म्हणजे काम कोठून सुरू करावे याचा पत्ताही दिलेला आहे.

पुस्तक निघाले आणि महायुद्ध सुरू झाले. युरोपातील ज्या प्रयोगशाळांसाठी ते लिहिले होते, तेथील तरुण रणांगणावर गेले. इंग्रजी भाषांतर व्हायला १९२८ साल उजाडले. दरम्यान निकालाचा पूर्वार्ध तोंडोतोंडी झाला. तो लहान होता, निःसंदिग्ध होता आणि पाठ्यपुस्तकात एका ओळीत बसणारा होता. उत्तरार्ध लांब होता आणि त्यात काम करायला सांगितले होते. १८९४ च्या बागेचाही असाच विसर पडला. १८९४ ची बाग आणि १९१४ चा निकाल एकत्र वाचले तर वरवर विसंगती दिसते. परंतु दोन्ही विधाने वेगवेगळ्या अंतरांबद्दल आहेत. तुटलेला लांब तंतू पुन्हा कित्येक सेंटिमीटर वाढून आपल्या जागी पोहोचणे ही एक गोष्ट; जिवंत राहिलेल्या पेशींनी शेजारी नव्या फांद्या टाकणे ही दुसरी. पहिली जवळजवळ घडत नाही. दुसरी आपण सायकल शिकतो तेव्हाही घडत असते.

काहाल यांच्या उत्तरायुष्यात एक डाग आहे, तोही सांगितला पाहिजे. त्यांच्या प्रयोगशाळेत पिओ देल रिओ ओर्तेगा नावाचा अत्यंत हुशार तरुण होता. चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींत दोन निराळे प्रकार आहेत हे त्याने दाखविले. त्यांतील एक प्रकार म्हणजे तंतूंभोवती स्निग्ध आवरण गुंडाळणाऱ्या पेशी. काहाल यांनी हे निष्कर्ष सहजासहजी मान्य केले नाहीत, आणि प्रयोगशाळेतील कुरबुरींचे निमित्त होऊन १९२० मध्ये रिओ ओर्तेगा यांना बाहेर पडावे लागले. वार्धक्याच्या उंबरठ्यावर असलेला गुरू आणि त्याच्या पुढे जाऊ पाहणारा शिष्य यांच्यातील हा जुनाच प्रकार. पण त्यातील क्रूर योगायोग फार उशिरा कळला. १९८० च्या दशकात झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी दाखवून दिले, की मेंदूतील तंतूंना वाढू न देणारे घटक ज्या आवरणात असतात, ते आवरण नेमक्या या पेशींनी बनविलेले असते. जमीन साथ का देत नाही, या काहाल यांच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग त्यांच्याच प्रयोगशाळेतील टेबलावर होता.

१९२२ साली ते निवृत्त झाले. डोकेदुखी सतावू लागली; तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होऊ लागल्याचे निदान झाले. आयुष्यभर ज्या अवयवाचा अभ्यास केला त्यातच हा आजार शिरला होता. कॉफीगृहातील गप्पा त्यांनी सोडल्या, गोंगाट टाळला, लेखन चालू ठेवले. १९३० मध्ये सिल्वेरिया गेल्या. १९३३ साली, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांनी चेतापेशी स्वतंत्र असल्याचे सर्व पुरावे पुन्हा एकदा एकत्र करून दीर्घ प्रबंध लिहिला, कारण जाळ्याचा सिद्धान्त पुन्हा डोके वर काढीत होता. म्हातारपणावरील त्यांच्या शेवटच्या पुस्तकात तर त्यांनी स्वतःच्या ढासळत्या स्मरणशक्तीची, कमी झालेल्या ऐकण्याची आणि झोपेची नोंद एखाद्या काचपट्टीकडे पाहावे तशी घेतली आहे. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले, आणि त्यांच्या शिष्यांची पांगापांग झाली.

अपील दाखल व्हायला पुढे जवळजवळ अर्धे शतक लागले. १९८१ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्टो अग्वायो यांनी तेयो यांचाच प्रयोग नव्या साधनांनी केला. प्रौढ उंदरांच्या मेंदूच्या देठापासून मज्जारज्जूपर्यंत पायातील चेतेचा पूल बांधला, आणि केंद्रीय चेतापेशींचे तंतू त्यातून सेंटिमीटरच्या हिशेबाने वाढले. पेशीत वाढण्याची शक्ती असते आणि अडथळा परिसराचा असतो, हे आता मोजून दाखविता आले. मज्जारज्जूच्या रुग्णाला त्याचा पूर्ण लाभ अद्याप मिळालेला नाही.

अर्धांगवायूच्या रुग्णाला मात्र दुसऱ्या वाटेने, बागेच्या वाटेने, लाभ मिळू लागला. १९९६ साली अमेरिकेत रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूत हाताची हालचाल चालविणाऱ्या भागाला लहानशी इजा केली. ज्या माकडांना तसेच सोडले, त्यांच्यात इजेच्या शेजारील शाबूत भागही हाताचे काम विसरत गेला. ज्यांच्याकडून दुखावलेल्या हाताने रोज लहान खळग्यांतून दाणे उचलण्याचा सराव करून घेतला, त्यांच्यात तो भाग टिकला आणि काही ठिकाणी त्याने पूर्वी खांदा-कोपराकडे असलेली जागाही हातासाठी घेतली. याचा साधा अर्थ असा की झटक्यानंतर हात न वापरणे हीसुद्धा मेंदूला मिळणारी एक शिकवण आहे, आणि तो ती शिकतो. याच जाणिवेतून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांची उपचारपद्धती निघाली होती. तिची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते, आणि ज्यांना हा उपचार मिळाला त्यांच्या हातात झालेली सुधारणा वर्षानंतरही टिकून होती.

येथे एक सावधगिरी. हल्ली मेंदूच्या लवचीकतेच्या नावावर गोळ्या, खेळ आणि शिबिरे यांच्या जाहिराती जागोजागी दिसतात. जणू निकाल रद्द झाला आहे आणि इच्छा असली की काहीही परत मिळते. तोही काहाल यांचा अर्धाच भाग वाचणे झाले, फक्त दुसरा अर्धा. मेलेला भाग मेलेलाच राहतो. २००६ च्या चाचणीतसुद्धा मनगट व बोटे थोडी का होईना उघडता येणारेच रुग्ण घेतलेले होते. सुधारणेचा वेग पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून व्यायाम उद्यावर ढकलणे महागात पडते. त्यानंतर वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही, एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते. रुग्णाच्या घरच्यांना तेवढे कळले तरी पुष्कळ, कारण दमून गेलेल्या माणसाला रोज पुन्हा उठवून बसविण्याचे काम शेवटी त्यांनाच करायचे असते.

त्या उपचाराची पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. चांगल्या हातात जाड मोजा घालून तो जागेपणीचा बहुतेक वेळ तसाच ठेवायचा, दोन आठवडे. मग पाण्याचा पेला, दाराची कडी, सदऱ्याचे बटण, ताटलीतले वाटाणे, सगळे काही दुबळ्या हाताला एकट्यालाच करावे लागते. पहिल्या दिवशी वाटाणे टेबलावरून जमिनीवर सांडतात आणि उचलणारा चिडतो. तो वाटाणे पुन्हा ताटलीत भरतो.